यादीतलं सातवं नाव

सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४. सेनगाव.

आज पोचले. डोंगरकड्याहून सकाळची जीप, कळमनुरीला एसटी, हिंगोलीला दुसरी एसटी, आणि दुपारी एकच्या सुमाराला सेनगाव. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि एक गोधडी. पेटीत लुगडी कमी, पुस्तकं जास्त. उतरवून देताना कंडक्टर म्हणाला, मावशी, गावाकडचे दगडं घेऊन निघाल्या काय. मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून लिहून ठेवते.

खोली छान आहे. मुलींच्या वसतिगृहात तळमजल्यावर मागच्या बाजूला. खिडकी आहे, आत नळ आहे, भिंतीला नवा चुना आहे. वसतिगृह सांभाळणाऱ्या संगिताताईंनी गरम भाकरी आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी वाढली. चाळीस मुली आहेत, बहुतेक तांड्यांवरच्या. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला जातात, घरांना कुलपं लागतात, मग लेकरं इथे. एकीने विचारलं, मावशी, तुमी काय शिकवणार? मी म्हटलं, काही नाही गं, मी नावं वाचणार.

माझं काम तेवढंच. वसतिगृहाला खेटून एक तळघर आहे. कोणीतरी दुकानं काढणार होता. खाली खोदलं, भिंती घेतल्या, फरशी घातली आणि सोडून दिलं. नऊ वर्षं त्यात पाणी आणि बाभळी. आता ते बुजवायचं आहे, कारण त्याच्यामुळे वसतिगृहाची भिंत तडकायला लागली आहे. कामावरच्या माणसांची हजेरी घ्यायला वाचता येणारं माणूस हवं होतं.

ही वही संगिताताईंनी दिली. एका मुलीची अर्धी लिहिलेली, मागची पानं कोरी.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

काम समजलं. मुकादम बाबूसिंग इथल्याच एका तांड्यावरचा, साठीचा, मिशा पांढऱ्या. त्याच्या हाताखाली सहा माणसं. त्यांत पुनमचंद आणि त्याची बायको जिवनबाई. आपसांत ते त्यांच्या बोलीत बोलतात, माझ्याशी मराठीत.

इंजिनियर पल्लवी मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या असत्या, मला मुलगी असती तर. त्यांनी मला काठावर उभं करून सगळं सांगितलं. पाणी एकदम उपसायचं नाही. बाहेरची माती भिंतीला आत ढकलते आणि आतलं पाणी तिला बाहेर. दोघांचं बरोबर चाललेलं असतं. एकाने अचानक हात काढला की भिंत जाते. म्हणून रोज हातभर पाणी कमी करायचं, आणि उघडी पडेल तशी भिंतीला टेकू द्यायचे. मग तळाच्या फरशीला भोकं पाडायची, म्हणजे पुढे मातीखाली पाणी साचणार नाही. मग मुरूम, नऊ इंचांचा थर, ओला करून ठोकायचा. भिंतीवर चुन्याच्या रेघा ओढल्या आहेत, एक रेघ म्हणजे एक थर.

वसतिगृहाच्या भेगेवर त्यांनी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवली आहे. भेग हलली तर काच तुटेल. काच तुटली की सांगायचं, असं त्या दोनदा म्हणाल्या.

आणि बाबूसिंगाचा एक नियम आहे. टिपर रिकामा होण्याआधी काठावरून प्रत्येकाचं नाव घ्यायचं. त्याने वर येऊन 'वर' म्हणायचं. नाव तीनदा घ्यायचं. तिसऱ्या हाकेलाही 'वर' आलं नाही तर माती नाही, मालक येवो का कलेक्टर. त्याच्या बापापासून हे चालत आलं आहे. तो म्हणाला, मातीला डोळे न्हाईत बाई, मंग आपल्याला तोंड पाह्यजे.

माझं नाव यादीत कुठे लिहू, असं मी विचारलं. सगळे हसले. हाक देणारा वरच असतो, त्याचं नाव कशाला.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

दिवस सारखे आहेत. मला सारखे दिवस बरे वाटतात. पाणी संपलं, टेकू लागले. खाली काळा चिखल, जुनी पोती, एक मोडकी खुर्ची. ते सगळं उचलून बाहेर काढलं. मातीत लाकूड, चिंध्या गेल्या तर कुजतात आणि तिथे पोकळी राहते, वरची जमीन पुढे कधीतरी खचते. पल्लवी मॅडमचं सारखं हेच असतं, पोकळी नको.

तळघराच्या कोपऱ्यात वसतिगृहाला लागून पाण्याची टाकी बांधलेली आहे. चार भिंती, वर स्लॅब, स्लॅबला माणूस उतरेल एवढं भोक. ती फोडायची नाही, तिच्याच आधाराने वसतिगृहाचा पाया उभा आहे. तिच्यात भोकातूनच मुरूम सोडायचा. पुनमचंद शिडी लावून उतरला आणि तिच्या तळालाही भोकं पाडून आला. वर येऊन म्हणाला, आत लई गार हाय, उन्हाळ्यात घर करायला बराबर.

माझी हाक आता बसली आहे. पुनमचंद कधी 'वर हाय, पर मन जेवणात हाय' म्हणतो. जिवनबाई मला मास्तरीणबाई म्हणते. विचारत होती, काहून एवढं वाचता, डोळे जातील. मी म्हटलं, जाऊ दे, पाहायचं ते पाहून झालं.

बुधवार, २७ नोव्हेंबर

काल ताप होता. खोलीतच पडून राहिले. हाक द्यायला जिवनबाईला सांगितलं. तिला वाचता येत नाही, पण सहा नावं पाठ आहेत. खिडकीतून ऐकू येत होतं. पाच नावं खणखणीत घेतली आणि अडली. मग म्हणाली, आन् आमचं हे. काठावर हशा पिकला. बाबूसिंग चिडला, नाव घे म्हणाला. ती लाजून म्हणाली, सासरा उभा केला तरी घेणार न्हाई. शेवटी पुनमचंदच ओरडला, वर हाय, वर हाय, टाका माती.

मीही हसले. मग तोंडावर गोधडी ओढून घेतली.

ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण वही माझीच आहे.

माझे मालक विहिरी खोदायचे. अकरा वर्षांपूर्वी चाळीस फुटांवर विहीर ढासळली. बाकीचे निघाले, हे राहिले. दोन दिवस मशीन चाललं. वर आली ती एक चप्पल, डाव्या पायाची. मग कडा आणखी सुटायला लागली आणि सगळे म्हणाले, आता बस. कोणी म्हणालं, बायकोला हाक मारू द्या, तिचा आवाज ओळखेल, आत जीव असला तर देईल ओ. मला काठावर नेलं. सासरे उभे होते, दोन्ही दीर, भावकी, गावातली माणसं. नाव घेऊन मार हाक, असं एक पोलीस म्हणाला. पंधरा वर्षांच्या संसारात मी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. उखाण्यात घेतलं तेवढंच. मी म्हटलं, अहो. ऐकलं का. अहो, ऐकताय ना.

विहिरीतल्या माणसाला असे शंभर 'अहो' ऐकू येत असतील. सगळ्यांच्याच बायका 'अहो' म्हणतात.

आतून काही आलं नाही. मग एका कागदावर माझा अंगठा घेतला आणि विहीर बुजवली. त्या कागदावर काय होतं ते वाचायला मला तीन वर्षं लागली. पाटीवर, पुड्यांच्या कागदांवर, शेजारच्या पोराच्या पुस्तकावर मी अक्षरं शिकले ती त्यासाठीच. कागदात एक ओळ होती, 'पत्नीने हाक दिली असता आतून प्रतिसाद आला नाही.'

मी हाक दिलीच नव्हती.

रविवार, १ डिसेंबर

सुटी. तळघर पाच रेघा भरलं. उद्यापासून टाकीत मुरूम. पल्लवी मॅडम म्हणाल्या, आता बाहेर माती आणि टाकी रिकामी असं फार दिवस ठेवता येणार नाही, टाकीची भिंत आत येईल आणि वसतिगृहाचा कोपरा तिच्यामागे. टाकी आठवड्यात बाहेरच्या बरोबरीला आलीच पाहिजे. वरच्या खोल्यांत मुली झोपतात. संगिताताईंना त्यांनी विचारलं, मुली दुसरीकडे हलवता येतील का. ताई म्हणाल्या, कुठे हलवू, तांड्यांवरच्या घरांना कुलपं हायेत.

दुपारी हजेरीचं नवं पान आखलं. सहा नावं लिहिली. खाली जागा उरली होती. अक्षर चांगलं यावं म्हणून आणखी एक नाव लिहिलं.

देविदास.

पाहत बसले. छान दिसतं.

सोमवार, २ डिसेंबर

हे नीट लिहिते, नाही तर उद्या माझा मलाच विश्वास बसणार नाही.

सकाळी साडेदहा. टिपर टाकीजवळ लागला. मी पान उघडून हाक सुरू केली. सहा झाले. सहा 'वर' आले. डोळा खाली सरकला आणि तोंडाने वाचलं. वाचायची सवय झाली आहे, लिहिलेलं दिसलं की वाचते. देविदास. मोठ्याने, काठावरून, चारचौघांत.

फक्त टिपरचं इंजिन.

मग टाकीच्या भोकातून आलं. खाली हाय.

घाबरवणारा आवाज नव्हता. शेतातून येऊन ओसरीवर बसताना निघतो तसा, थकलेला. पाणी दे म्हणण्याआधीचा.

जिवनबाईने टाकीकडे पाहिलं आणि विचारलं, खाली कोन ऱ्हायलं? पुनमचंदने सगळ्यांना मोजलं. सगळे वर. बाबूसिंगाने माझ्या हातातलं पान घेतलं. वाचता येत नाही, पण ओळी मोजता येतात. सात. त्याने हात वर केला आणि टिपरवाल्याला इंजिन बंद करायला लावलं.

पुनमचंद बॅटरी घेऊन उतरला. आत कोणी नाही. ओल आहे, एवढंच.

मंगळवार, ३ डिसेंबर

काम बंद. पल्लवी मॅडम चिडल्या. बाबूसिंगाला म्हणाल्या, काका, टाकी रिकामी आहे, मी स्वतः पाहिली. तो म्हणाला, व्हय मॅडम, रिकामीच हाय. पर यादीत नाव हाय आन् 'वर' आलं न्हाई. त्या म्हणाल्या, मग नाव खोडा. तो म्हणाला, ज्यानं लिवलं त्यानं खोडावं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तापाचं निमित्त केलं.

मला खोडता येत नाही. अकरा वर्षांपूर्वी खोडलेलंच होतं. एकदा लिहिलं, त्यांनी ओ दिली.

बुधवार, ४ डिसेंबर

दुपारी जेवणाच्या सुटीत कोणी नसताना भोकाजवळ गेले. हळू नाव घेतलं. खाली हाय. पुन्हा घेतलं. खाली हाय. पुन्हा.

म्हटलं, वर या. उत्तर नाही.

विचारलं, तेव्हा ऐकू आलं होतं का. उत्तर नाही.

नावालाच तेवढं उत्तर येतं. पंचवीस-तीस वेळा घेतलं असेल. जीभ हलकी झाली. मग लाज वाटली. मग भीती. ती विहीर इथून किती दूर. आणि तरी —

गुरुवार, ५ डिसेंबर

काच तुटली.

सकाळी सात वाजता. एका मुलीने दाखवली, मावशी, ही बघा, मधोमध. टाकीची भिंत आत फुगली आहे, हाताला कळते. बाहेरची ओली माती दाबते आहे, आतून धरायला काही नाही. दोघांपैकी एकाने हात काढलेला.

संगिताताई माझ्या खोलीत आल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, गोजरबाई, वर चाळीस लेकरं हायेत, आन् त्यांना बी नावं हायेत.

कोपऱ्यातल्या दोन खोल्या रिकाम्या केल्या. मुली जेवणाच्या खोलीत दाटीने बसल्या आहेत. पण कोपरा गेला तर सगळंच —

शुक्रवार, ६ डिसेंबर

बाबूसिंग भेटला. मी त्याला विहिरीचं सगळं सांगितलं. त्याने तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाला, बाई, दोनच रस्ते. एक तर त्याला वर आण, न्हाईतर नाव काट. खाली माणूस ठिवून वर लेकरं ठिवता येत न्हाईत.

नाव काटलं. एकच रेघ. पेन पानातून आरपार गेलं.

उद्या टाकी भरणार. जेवणानंतर पहिला टिपर.

पण न सांगता नाही. त्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं. मशीन लागलं आणि माती सुरू. या वेळी सांगून येईन. सांगायचं, अहो, नव्हे — देविदास, माती येते आहे. एवढंच.

शनिवार, ७ डिसेंबर

टाकीत बसून लिहिते आहे. शिडीने उतरले. वही सोबत आणली, काय सांगायचं ते लिहिलेलं असलं की मला वाचून म्हणता येतं. हजेरी जिवनबाईकडे दिली. अंग दुखतं, खोलीत पडते, हाक तू दे, असं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर कोणी उतरू दिलं नसतं. जेवणाची सुटी तासाची. मला दहा मिनिटं पुरतील.

भोकातून उजेडाचा चौकोन पडतो. बाकी अंधार. पुनमचंद म्हणाला तसंच, गार आहे.

नाव घेतलं. उत्तर नाही. खोडलेल्या नावाला उत्तर येत नसेल.

तरी वाचलं. देविदास, माती येते आहे. तेव्हा मी हाक दिली नव्हती, ती आज देते आहे. वर लेकरं आहेत. म्हणून.

झालं. हलकं वाटलं. निघते.

पायाला काही लागलं. कोपऱ्यात, चिखलात. चप्पल आहे. उजव्या पायाची. अंगठ्याला निळा दोरा, जाड टाके. टाके माझे आहेत. चांभार गावाला गेला होता म्हणून मी घरीच —

डावी माझ्या पेटीत आहे.

उजेड हलला. मान वर केली तर शिडी वर जात होती. माती टाकण्याआधी शिडी काढतात. सुटी संपली नाही अजून. काच तुटली म्हणून घाई करत असतील.

ओरडले. मुरूम ओला करायचा पंप चालू आहे. टिपर मागे येतो आहे, त्याची पीं पीं. परत ओरडले. कोपऱ्यातून चौकोनाखाली यायचं तर चिखल पाय सोडत नाही. घोट्याच्या वर आला आहे. मघाशी नव्हता.

हाक सुरू झाली. जिवनबाईचा आवाज. नीट घेते आहे एकेक. वर. वर. वर. ती थांबेल. ती ऐकेल. वर. वर.

आन् आमचं हे.

हसले सगळे. वर हाय.

सहा झाले. सहाच आहेत. सातवं मी काटलं. आणि हाक देणारीचं नाव यादीत —

जिवनबाईला वाटतं मी खोलीत आहे. बाबूसिंगाला वाटतं मी वर आहे. मीच सांगितलं तसं —

पहिला मुरूम आला. उजेड अर्धा —

मागून कोणी नाव घेतं आहे. माझं. अगं नव्हे. ऐकलं का नव्हे. पंधरा वर्षांत एकदाही त्यांनी —

गोजर.

तोच आवाज. थकलेला.

दुसऱ्यांदा.

तीन हाका झाल्या की उत्तर द्यावं लागतं, नियम आहे. तीन हाका झाल्या आणि उत्तर नाही तर माती थांबते. इकडेही तोच नियम असेल का. मी काही बोललेच नाही तर —

पण आता त्यांनी नाव घेतलं आहे. तेव्हा मी घेतलं नव्हतं. आता मी गप्प बसले तर तेच —

गोजर.

तिसरी. ओ देते. म्हणते, मी खा